सत्तेचाळीसाव्या पानावरची चूक

मुसा होडेकराला छापील अक्षराचा राग होता, आणि छापील अक्षरावाचून त्याचं पानही हलत नव्हतं. पूर्णगडच्या वरच्या वाडीत राहणारा हा माणूस बोटीवर इंजिनात होता. शहाऐंशीच्या जानेवारीत उजव्या हाताची दोन बोटं तिथेच राहिली, आणि काशीरामही तिथेच राहिला. काशीराम पावसच्या वरच्या अंगाचा, इंजिनाचं तेलपाणी बघणारा. बॉयलरच्या पुस्तकात छापलेल्या आकड्यापर्यंत मुसाने वाफेचा दाब चढवला आणि नळी फुटली. चौकशीत कंपनी म्हणाली, पुस्तक बरोबर होतं, दुरुस्त्यांसकट. मुसा घरी बसला तो बसलाच.

तेव्हापासून दर जानेवारीत तो सुके बांगडे घेऊन काशीरामच्या बायकोकडे, विमलाकडे जाई. ओट्यावर टेके आणि म्हणे, "वयनी, पुस्तकच खोटा व्हता."

"व्हय वो मुसाभाई. तुमी काय करनार?"

एवढं ऐकलं की त्याचं एक वर्ष ढकललं जायचं.

दोन हजार साली धाकटा भाऊ झुबेर कुवेतहून आला. मुसाची लेक महरीन दहावीला, तिच्यासाठी त्याने कॉम्प्युटर आणला. सोबत एका खेळाची सीडी आणि पावणेदोनशे पानांचं पुस्तक. बारा मजली तळघर, राक्षस, मंत्र, किल्ल्या आणि आपल्या पाच जणांची टोळी. महरीनला अभ्यासापुढे खेळ सुचत नव्हता. ती शाळेला गेली की मुसा पुस्तक घेऊन बसे. हातात पेन्सिल, जसा बॉयलरचं वाचायचा तसा. पण तीन बोटांत माऊस ठरेना, म्हणून खुर्चीवर बायको, सकिना बसली.

सकिनाला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. पण ती लहानपणापासून बंदरावर वाढलेली. मासळीचा डोळा बघून ताजं-शिळं सांगणारी.

"चांदीची चावी लाव," मुसा म्हणाला.

"लागत नाय."

"लिवलाय तसा! पान एकवीस!"

"दाराला वाचता येतंय काय?" म्हणत तिने लोखंडी चावी लावली. दार उघडलं.

मुसाने पानावर फुली मारली. सातव्या मजल्यावरच्या दगडी राक्षसावर आगीचा मंत्र टाका, असं पुस्तक सांगत होतं. टाकला, तर तो दुप्पट फुगला.

"तुमच्या पुस्तकाने त्याला जेवन घातलान," सकिना म्हणाली.

"बघ! छापलेला पन खोटा असतो!" मुसा हरखून ओरडला. हे आपल्याला सांगणं नाही, हे सकिनाला कळत होतं. 

टोळीतल्या एका शिपायाला मुसाने काशीराम नाव दिलं होतं. तो त्याच राक्षसापुढे पडला. सत्तेचाळीसाव्या पानावर छापलं होतं, मेलेल्या सोबत्याला तीन दिवसांच्या आत देवळातल्या पुजाऱ्याकडे नेलं तर तो उठतो.

"आताच नेऊया," सकिना म्हणाली.

"तीन दिस हायत. आधी ह्या मजल्याचा उरकूया."

खेळातल्या दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला नेलं. पुजाऱ्याने मान हलवली. पडद्यावरच्या यादीतून काशीराम हे नाव पुसलं गेलं. त्या खेळात मागे फिरायची सोय नव्हती. मुसा उठून मागीलदारी गेला आणि बराच वेळ परतलाच नाही.

आल्यावर त्याने खेळाच्या कंपनीला पत्र लिहायला घेतलं. डाव्या हाताने, चौदा चुका, पानांच्या आकड्यांसह. शेवटी एक ओळ: पुस्तक चुकीचं होतं असं लेखी कळवावं.

"आनि त्याने काय होनार?" सकिनाने विचारलं.

"एकदा कुनीतरी तसा म्हनू दे गो."

डिसेंबरात उत्तर आलं. चौदाच्या चौदा चुका कंपनीने कबूल केल्या होत्या.

"झाला ना मनासारखा?" सकिना हसली.

मुसा पुढचं वाचत होता. या चुका आम्हाला छपाईनंतर लगेच कळल्या. दुरुस्तीची चिठ्ठी प्रत्येक डब्यात घातली होती. आपल्या डब्यात नसल्यास क्षमा असावी. सोबत ती पिवळी चिठ्ठी. पान सत्तेचाळीस: 'तीन दिवसांच्या आत'ऐवजी 'त्याच दिवशी' वाचावे.

त्याने कुवेतला फोन लावला. "झुबेर, खेळाचा डबा खय हाय?"

"डबा कोन आनतो भाई? वजनात कपडे भरू की पुठ्ठा? तिथंच टाकला." आखातातून येणारा प्रत्येक जण हेच करतो. वस्तू शर्टांत गुंडाळायची, डबा तिकडच्या कचऱ्यात.

मुसाने फोन ठेवला. पिवळी चिठ्ठी हातातच होती.

अशा चिठ्ठ्या बोटीवरही यायच्या. बंदर लागलं की तपकिरी पाकीट, आणि त्यातल्या चिठ्ठ्या कापून पुस्तकात त्या त्या पानावर डकवायचं काम मुसाचं. कोलंबोला दोन पाकिटं एकदम आली होती. एक तपकिरी आणि एक सकिनाचं. सकिनाच्या पाकिटात लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेल्या लेकीची खबर होती. त्याने इंजिनात सगळ्यांना गोळ्या वाटल्या, पहिली काशीरामला. तपकिरी पाकीट न फोडताच चहाच्या मगांखालच्या खणात गेलं. पाचव्या दिवशी नळी फुटली. पंधरा वर्षं त्याने तो खण मनातसुद्धा उघडला नव्हता. दुरुस्त्यांसकट, असं म्हणाले होते ते चौकशीत.

"सकिना, तुजा खत आलेला ना कोलंबोला..."

"महरीनच्या टायमाचा? त्याचा काय?"

तिच्या तोंडाकडे बघून तो थांबला. "काय नाय," म्हणाला.

जानेवारीत तो बांगडे घेऊन निघाला. या खेपेस सांगायचंच, असं ठरवून. ओट्यावर टेकला. विमलाच्या घरी नवी सून आली होती. पाणी द्यायला आली तशी विमला तिला म्हणाली, "ह्येच मुसाभाई, तुज्या सासऱ्याच्या बोटीवरचे. पुस्तकच खोटा व्हता गो, नायतर ही मानसा चुकनारी नव्हती." मग त्याच्याकडे वळून, "व्हय ना वो?"

मुसाने तांब्या खाली ठेवला.

"व्हय, वयनी."

घरी येऊन त्याने सकिनाकडे वाटीभर खळीसारखी घट्ट पेज मागितली. पुस्तक उघडलं, सत्तेचाळीसावं पान काढलं आणि चिठ्ठी डकवली. कोपरे दाबले, फुगा राहिला तो अंगठ्याने बाहेर काढला. काम चोख झालं होतं. मग पुस्तक मिटून त्याने कॉम्प्युटरवर पुन्हा कापड घातलं.