बुडाला भोक नाही

रांजणवालीच्या हातोडीचा दांडा बदलला, डोकं मात्र मूळचंच आहे. सांडपाण्याचे मातीचे पाइप करणारा कारखाना बंद पडला, त्या दिवशी बाकीच्या बायका हिशेबासाठी खिडकीशी धक्काबुक्की करत होत्या आणि ही बाई हातोडी पिशवीत टाकून मागच्या दाराने चालती झाली होती. "हिच्याबरोबर अर्धं आयुष्य काढलं," ती अजून सांगते. "तिला काय त्या कुलपात ठेवायची?"

कारखान्यात तिचं काम सगळ्यात शेवटचं. पाइपाचं खालचं तोंड बुचाने बंद करायचं, काठोकाठ पाणी भरायचं, खाली वर्तमानपत्र अंथरायचं आणि वाट बघायची. कागद कोरडा राहिला तर पाइप गाडीत. ओला झाला तर हातोडी. मुकादम कुरकुरायचा, अगं, घाम आल्याएवढं तर पाझरलंय. ती म्हणायची, मग तुझ्या घराखालून घालू या का? मुकादम तिला 'फोडकी' म्हणायचा, तोंडावर.

कारखान्याची भट्टी मोडली, तेव्हा विटा भंगारात निघाल्या. तिने त्या उचलून आणल्या आणि घरामागे कपडे वाळत घालायच्या जागेत स्वतःची भट्टी रचली. नवरा सुतार, मालाच्या लाकडी पेट्या करतो म्हणून सगळे त्याला पेटीवालाच म्हणतात. त्याने तेव्हा एवढंच विचारलं होतं, "आणि आता कपडे कुठं वाळवायचे?"

"भट्टीवर. लवकर वाळतील."

अजूनही तिथेच वाळतात. एखाद्या शर्टाला धुराचा वास येतो, पण त्याबद्दल पेटीवाला आता बोलत नाही.

पाइप करायची माती, पाइपाचाच जाड हात, म्हणून तिच्या हातून रांजणच घडायला लागले. चाक नाही. मातीच्या जाडजूड वळ्या एकावर एक रचत, आतून एक हात आणि बाहेरून एक हात लावत, रांजणाभोवती स्वतःच फिरत फिरत ती तो वर नेते. कमरेएवढा होतो. वर शेवाळी रंगाचा ग्लेझ, काचेसारखा चकचकीत लेप, भट्टीत वितळताना ओघळतो आणि कुठे थांबेल ते त्याचं त्यालाच ठाऊक. भट्टी निवली की प्रत्येक रांजण पाण्याने भरायचा, खाली वर्तमानपत्र, आणि मग वाट. कारखाना गेला, रीत राहिली. पाझरला की फोडला. त्यात सुनेचं रडणं चालत नाही की नवऱ्याचं उसासणं.

परदेशात कलावस्तूंची गॅलरी चालवणारी एक बाई कधीतरी इथे फिरायला आली होती. एका हॉटेलच्या दारात तिने रांजणवालीचा एक रांजण पाहिला आणि कलाकार कोण म्हणून विचारलं. दरवानाला कलाकार काही माहीत नव्हता, पण रांजणवाली माहीत होती. तिथून सुरुवात झाली. वर्षाला एक खेप जायला लागली. तिकडचे फोटो सुनेच्या फोनवर यायचे: पांढरी भिंत, पांढरा चौथरा, वर दिवा, आणि खाली एकटा रांजण, लग्नात कुणी ओळखीचं न भेटलेल्या पाहुण्यासारखा.

"आत पाणी का नाही?" तिने पहिला फोटो पाहून विचारलं होतं.

"आई, ते बघायला ठेवलेत."

"मग बघू दे की. पाणी घातलं म्हणून काय दिसायचं थांबतं?"

यंदाची खेप मोठी होती. नव्या गॅसच्या भट्टीची सगळी भिस्त या खेपेच्या पैशावर होती. जुन्या भट्टीच्या धुराने रांजणवालीची छाती धरायला लागली होती, आणि डॉक्टरचं एकदा गोडीत आणि एकदा ओरडून सांगून झालं होतं. आणि नेमकी यंदाच तिकडच्या सरकारला आयात-जकातीची हुक्की आली. रांजण रचताना जकात वाढली. वाळत होते तेव्हा कमी झाली. भट्टीत होते तेव्हा पुन्हा वाढली, ती अशी की ऐकून पेटीवाल्याच्या तोंडातला खिळा खाली पडला.

"तिथं माणूस सकाळी उठतो, चूळ भरतो आणि दर बदलतो," माल पाठवून देणारा एजंट म्हणाला. तो सुनेच्या माहेरच्या गल्लीतला, त्यामुळे चहा न मागता मिळायचा. अंगणात भरून ठेवलेल्या रांजणांच्या रांगेकडे बघत त्याने बशीत चहा ओतला. "पण काकू, तोड आहे. जकात भांड्यावर आहे. कलेवर नाही."

"मग?"

"हे भांडं नाही, असं म्हणायचं."

"मग काय म्हणायचं? शेळी?"

"शिल्प. पण नुसतं म्हणून भागत नाही, तिथला माणूस उघडून बघतो. पाणी राहतं म्हटलं की भांडं. म्हणून हल्ली सगळे बुडाला एक भोक पाडून देतात. बोटाएवढं. पाणी राहत नाही, भांडं नाही, जकात नाही. गॅलरीवाल्या बाईंनीच सुचवलंय. भोक पाडलं तर सगळी खेप उचलते म्हणाल्या. नाहीतर..." त्याने बशी तोंडाला लावली.

 रांजणवालीने सगळ्यात जवळच्या रांजणाखालून बाहेर आलेला वर्तमानपत्राचा तुकडा फाडून काढला, कडक कोरडा होता तो, आणि एजंटच्या नाकासमोर खुळखुळवला.

"हे काय आहे?"

"पेपर."

"कोरडा आहे ना? मग चहा पी आणि जा."

सुनेने दिवसभर समजावलं. सून हुशार, परदेशाचा सगळा पत्रव्यवहार तीच बघते, आणि सासूच्या खोकल्याने तिचीही झोप उडालेली. "आई, एवढंसं भोक. कुणाला दिसणारही नाही. तसंही त्यात कोण पाणी भरणार आहे?"

"होडीला किती मोठं लागतं गं?"

"होडी नाहीये ती."

"भांडं नाही, होडी नाही. एवढ्या वर्षांत मी केलं तरी काय मग?"

"हट्ट," सून म्हणाली. म्हणून झाल्यावर तिने जीभ चावली, पण शब्द गेलाच होता. सासूला तो लागला नाही. उलट बरं वाटल्यासारखं तिने मान डोलावली.

पेटीवाला दोघींच्या मध्ये पडला नाही. त्याने त्याच्या पद्धतीने विचार केला. पेट्या तयार होत्या, आत भुसा भरून झाला होता. खोकला त्यालाही ऐकू यायचा. भोक पाडलेला रांजण नजरेसमोर आला की बायकोचं मन वळेल, एवढाच त्याचा हिशेब. दुसऱ्या दिवशी ती माती आणायला गेली, तेव्हा त्याने कोपऱ्यातला एक रांजण रिकामा केला, आडवा पाडला, ड्रिलला काचेला भोक पाडायचं टोक लावलं आणि लाकडाला पाडावं तसं सुबक, गोल भोक पाडलं. कडा पॉलिश पेपरने घासल्या. वाईट काम त्याला येतच नाही. मग रांजण होता तसा उभा केला आणि कसं सांगावं याचा विचार करत बसला. विचार पुरा व्हायच्या आत ती परत आली.

पाठोपाठ एजंटही गाडी घेऊन हजर झाला, अजून काही मन वळतंय का ते बघायला. त्याला पाहताच तिने नळी उचलली. "थांब, तुझ्यासमोर परत भरून दाखवते." आणि तिने रिकाम्या दिसलेल्या त्याच रांजणात पाणी सोडलं. पाणी वर चढेना. थोड्या वेळाने ते पेटीवाल्याच्या चपलांखालून वाहत अंगणभर पसरलं आणि कुणाला काही सांगायची गरज उरली नाही.

"एक करून बघितलं," पेटीवाला म्हणाला. "तुझ्या छातीसाठी."

"कळलं मला." तिने नळी बंद केली. "भोक छान पाडलंत."

मग ती आत गेली आणि हातोडी घेऊन आली. रागात नव्हती, कारखान्यात कधी रागाने फोडलं नव्हतं. पाझरतं ते आपल्या दारातून बाहेर जात नाही, एवढंच. पहिल्या घावाला रांजण चिरला, दुसऱ्याला पोटातून खाली बसला.

एजंटचे दोन्ही हात डोक्यावर गेले. "काकू, अहो, सगळ्यात तेवढी एकच तर कला होती."

पेटीवाला हसला. आधी नाकातून, मग त्याला आवरेना. सून दारात तोंडावर हात धरून उभी होती, तीही फसकन हसली. रांजणवाली हसली नाही. तिने पदर खोचला आणि म्हणाली, "त्या बाईला फोन लाव. चेहरा दिसतो तो."

फोनच्या काचेत गॅलरीवाली आली. सून शब्द फिरवत होती, सासू नुसती काम करत होती. तिने कोरा कागद अंथरला, वर एक रांजण ठेवला, काठोकाठ भरला, आणि फोन कागदाजवळ धरायला लावला.

"तिला सांग, हे भांडं आहे. कागदावरही भांडंच लिहून जाईल. तुझं सरकार भांड्यावर जकात घेतं तर घेऊ दे, ती तू आणि तुझं गिऱ्हाईक बघा. मी माझा भाव वाढवला नाही, कमीही करणार नाही. पण भोक पाडून पाठव म्हणालीस तर इथं काय पाठवू, ती खापरं?" आणि तिने फोन हाताने धरून फुटक्या ढिगाऱ्याकडे वळवला.

गॅलरीवालीने समोरचे कागद चाळले. मग काहीतरी बोलली, आणि ते सुनेने जसंच्या तसं सांगितलं: जकात भरायला तयार असलेली दोनच गिऱ्हाइकं आहेत. दोन रांजण घेईन. बाकीचे आत्ता नाही.

"दोन तर दोन."

"आई, नवी भट्टी..."

"जुनी अजून विझली नाही."

दोन रांजण पेट्यांत बसून गेले. पेटीवाल्याने झाकणावर रंगाने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पाणी ठेवायचा रांजण', आणि खाली सुनेने तेच तिकडच्या भाषेत. उरलेले रस्त्याच्या कडेला भिंतीला लावून ओळीने उभे केले, भरून, वर झाकण आणि ओगराळं. जाणारे येणारे पितात. एजंटही येता जाता पितो आणि दरवेळी म्हणतो, अजून भरलेलाच आहे हो, आणि ती दरवेळी म्हणते, भोक नाही ना त्याला.

तिने धुरात काम करताना तोंडाला फडकं बांधायला सुरुवात केली आहे. डॉक्टर त्यावरही ओरडतो. आणि नवी माती मळली आहे. या खेपेच्या रांजणांना तिने तोटी लावायचं ठरवलंय. खाली, बुडाजवळ, चांगली जाड, अंगठ्याने उघडझाप करता येईल अशी, आणि दोन्ही बाजूंना कान, धरायला. अशा रांजणाला शिल्प म्हणायची कुणाची छाती होते ते तिला बघायचं आहे.

परवा एजंट दारातूनच ओरडत आला, "काकू, दर परत बदलला."

ती ओल्या रांजणासमोर गुडघे टेकून बसली होती, दोन्ही हातांनी तोटी दाबून धरलेली.

"वर गेला की खाली?"

"ऐका तर."

"राहू दे," ती म्हणाली. "सांध्यावर हात आहे माझा. पाझरायला नको."