दोन ओळींची विहीर

त्यांचं आडनाव तांबडे आहे असं निम्म्या गावाला वाटतं. ते तसं नाही. चाळीस वर्षं लाल शाईने लोकांची प्रूफं तपासली, बोटं लाल, खिसा लाल, एकदा तर लग्नातला नवा शर्टही लाल, म्हणून छापखान्यातल्या कंपोझिटरांनी ठेवलेलं ते नाव. पुढे पोस्टमनही त्याच नावाने पत्रं देऊ लागला आणि खरं आडनाव फक्त लाइटबिलावर उरलं.

गावात लेखक मुबलक होते आणि ते सगळे तांबड्यांच्या हाताखालून गेले होते. प्रत्येकाच्या प्रस्तावनेत पत्नीचे, छापखान्याच्या मालकाचे आणि नियतीचे आभार मानून झाले की अगदी शेवटी, ‘मुद्रितशोधनाचं किचकट काम करणारे’ म्हणून तांबड्यांना अर्धी ओळ मिळे. त्या अर्ध्या ओळीतल्या चुकाही त्यांनीच काढलेल्या असत.

छापखाना बंद पडला, तांबडे घरी बसले, आणि मग वाचनालयात नव्या ग्रंथपालबाई आल्या. बाई भलत्याच उत्साही. त्यांनी दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी गावातल्या एकेका लेखकाशी गप्पांचा कार्यक्रम सुरू केला. माणसं पंधरा आणि खुर्च्या चाळीस. तांबडे शेवटच्या रांगेत बसून ऐकायचे. कादंबरीकार म्हणाले, पात्रं मला हाताला धरून नेतात. तांबड्यांना आठवलं, त्यांची नायिका चौथ्या प्रकरणात मेली होती आणि नवव्यात पाहुण्यांना चहा देत होती. तिला चौथ्यात नुसतं आजारी पाडून वाचवलं होतं ते तांबड्यांनी. पण लेखकाची झाकली मूठ उघडायची नाही, हा त्यांच्या धंद्याचा पहिला नियम.

अकरा महिन्यांत गावातले लेखक संपले. बाराव्या महिन्यासाठी बाई तांबड्यांच्या दारात उभ्या राहिल्या.

“अहो, मी कुठला लेखक? मी आयुष्यात दोन ओळींपलीकडे काही लिहिलं नाही.”

“तेच सांगा,” बाई हसून म्हणाल्या. त्यांना वाटलं, म्हातारा विनयाने बोलतोय.

विनय कसला! त्या दोन ओळी खऱ्याच होत्या, आणि गेली पस्तीस वर्षं तांबड्यांच्या घशात अडकल्या होत्या.

झालं होतं असं. हेडमास्तरांनी गावाचा इतिहास लिहिला होता आणि तो छापायला आला होता. चौकातल्या विहिरीच्या पानावर फोटो टाकायचा होता, तर त्याचा ब्लॉक, म्हणजे छापायचा ठसा, ठरल्यापेक्षा दोन ओळींनी बुटका आला. मशीन खोळंबलं. हेडमास्तर लेकीकडे गेलेले. मालकाला पानात मोकळी जागा दिसली की पोटात दुखायचं. तो म्हणाला, “भरा काहीतरी.” तांबड्यांनी उभ्या उभ्या भरलं: ‘असं सांगतात की, भर उन्हाळ्यात गावातल्या सात बायकांनी पदर खोचून या विहिरीची पहिली कुदळ मारली.’

कुणीही असं सांगत नव्हतं. पण हेडमास्तर परत आले ते या ओळींवर खूश. आपण हे कधी लिहिलं ते त्यांना आठवेना, पण लिहिलं असणार याची खात्री पटायला वेळ लागला नाही. ज्यांना विहीर खणलेली आठवत होती ते पुस्तकं वाचत नव्हते आणि जे वाचत होते त्यांना काही आठवत नव्हतं. पुढे शाळेच्या स्मरणिकेत, मग कादंबरीकारांच्या कादंबरीत, मग नगरपालिकेच्या पुस्तिकेत सात बायका आल्या. ‘असं सांगतात’ तेवढं वाटेत गळालं. आणि आता विहीर दुरुस्त करून तिथे दगडी पाटी लागणार होती. मजकूर अर्थातच हेडमास्तरांचा. आठवड्याभरात कोरायला जाणार होता.

एकदा दगडात गेलं की तिथे लाल शाई चालत नाही. तांबड्यांची झोप उडाली ती यामुळे. चूक नजरेतून सुटली तर माणूस हळहळतो. ही तर त्यांनी स्वतःच्या हाताने घातलेली.

पण याहून मोठी गोष्ट दुसरी होती, आणि ती सांगायचं त्यांच्या मनात अजिबात नव्हतं. विहीर खरी खणली होती त्यांच्या सासऱ्याने. शेवटचा झरा फुटताना बाजूची वाळू ढासळली आणि तो आतच गेला. तांबड्यांची बायको तेव्हा तीन वर्षांची होती. हे पहिल्या आवृत्तीत त्याच्या नावासकट होतं, त्याच पानावर, सगळ्यात खाली, दोनच ओळींत. दुसऱ्या आवृत्तीत नवा ब्लॉक आला तो नेमका दोन ओळींनी उंच. काहीतरी काढणं भाग होतं. सात बायकांना हात लावायची सोय नव्हती, त्यांच्यावर हेडमास्तरांचे सत्कार झाले होते. तांबड्यांनी खालच्या दोन ओळी उडवल्या आणि बायकोला सांगितलं, हेडमास्तरांनी काढल्या. तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं ती हेडमास्तर दिसले की रस्ता बदलत होती. त्या बिचाऱ्यांना कारण ठाऊक नव्हतं. बाई तोऱ्यात असते एवढंच ते म्हणायचे.

शनिवारी तांबडे पहिल्यांदाच पुढच्या खुर्चीवर बसले. हेडमास्तर पहिल्या रांगेत, बायको दुसऱ्या. थोडं इकडचं तिकडचं झाल्यावर तांबड्यांनी धीर करून सात बायकांचं खरं सांगून टाकलं.

हशा आणि टाळ्या. हेडमास्तर उठून म्हणाले, “आमचे तांबडे मोठे मिश्कील आहेत. पण इतिहास गमतीवर चालत नाही. चार पुस्तकांत पुरावा आहे.”

“चारही मीच तपासली आहेत,” तांबडे म्हणाले. पुन्हा हशा.

मागून एक म्हाताऱ्या बाई काठी टेकत उभ्या राहिल्या. “माझ्या सासूबाई त्या सातांतल्या होत्या. त्यांनी स्वतः मला सांगितलंय,” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून त्यांच्या बायकोचा आवाज आला.

“ओळी कमी पडल्या तर तुम्ही भरता. आणि जास्त झाल्या तर?”

तांबड्यांनी तिच्याकडे पाहिलं. “काढाव्या लागतात.”

“कोण काढतं? लेखक?”

हेडमास्तर मान हलवत होते, उत्तर त्यांनाही ऐकायचं होतं. तांबड्यांना सहज ‘हो’ म्हणता आलं असतं.

“मी,” ते म्हणाले. “मीच काढतो. मीच काढल्या.”

हॉलमध्ये कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. ग्रंथपालबाईंनी आभार मानले, बिस्किटं फिरली. बायको उठली, हेडमास्तरांसमोर गेली आणि अठ्ठावीस वर्षांनी त्यांना म्हणाली, “बरं आहे ना?” हेडमास्तर इतके गडबडले की त्यांच्या हातून बिस्किट चहात पडलं.

घरी मात्र अबोला. जेवण ताटात येत होतं, शब्द येत नव्हता. तांबडे दोन दिवस अपराध्यासारखे खिडकीशी बसून राहिले. त्यांना खरंच लाज वाटत होती, आणि या वयात लाज फार जड जाते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथपालबाई पाटीचा मजकूर घेऊन आल्या. “दगडात चूक नको. तुमच्या नजरेखालून जाऊ दे.” कागद टेबलावर ठेवून त्या गेल्या.

मजकूर सात ओळींचा होता, सगळा सात बायकांचा. तांबड्यांनी चष्मा लावला, एक अनुस्वार दुरुस्त केला. बायको मागे येऊन उभी राहिली. कागदाच्या तळाशी चांगली दोन ओळींची जागा मोकळी होती.

“लिहा,” ती म्हणाली.

“अगं, मुद्रितशोधकाने मजकुरात भर घालायची नसते. नियम आहे तो.”

“सात बायका घातल्यात तेव्हा कुठं गेला होता नियम?”

त्यांनी पेन उघडलं. तिने सांगितलं, त्यांनी लिहिलं. सासऱ्याच्या नावाची अक्षरं तिने स्वतः पुन्हा गिरवली. सात बायका खोडाव्यात असंही त्यांच्या मनात आलं, पण ती म्हणाली, “राहू दे. त्या म्हातारीला कशाला रडवता?”

तांबड्यांच्या हातून गेलेला कागद पुन्हा वाचायची गावात कुणाला सवयच नव्हती. पाटी जशीच्या तशी कोरली गेली. अनावरणाच्या दिवशी हेडमास्तरांनी खालच्या दोन ओळी मोठ्याने वाचल्या, जरा अडखळले, आणि लगेच म्हणाले की हे संशोधन त्यांनी फार पूर्वीच केलं होतं. या खेपेला ते खरंच होतं, आणि ते फक्त तांबड्यांना आणि त्यांच्या बायकोलाच ठाऊक होतं.

गर्दी पांगल्यावर दोघं नवरा-बायको पाटीपाशी थांबले. कादंबरीकार मित्राला घेऊन तिथेच उभे होते, पाटी दाखवत होते.

“सात बायकांचं झकास आहे,” मित्र म्हणाला. “खालचं मात्र उगाच, जागा उरली म्हणून भरलेलं दिसतंय.”

तांबडे काहीतरी बोलायला पुढे झाले. बायकोने त्यांचा दंड धरून त्यांना मागे ओढलं.

“जागाच भरायची होती,” ती त्या मित्राला म्हणाली. “अठ्ठावीस वर्षं रिकामी होती.”