बेटावरचं डफडं

बेटावरच्या जलशाचा इतिहास मी पत्रकांत लिहिला, सभांत सांगितला, नव्या पोरांना समजावून दिला. पण हा तुकडा त्यात कधीच नव्हता. माझ्या आईलाही तो ठाऊक नाही. तुला सांगतो आहे — आजच का, ते मलाही नीट कळलेलं नाही.

आमचं गाव भातकुलीच्या पुढे, पूर्णेच्या काठी. पावसाळा सरून पाणी उतरलं की पात्राच्या मधोमध वाळूचं एक बेट उघडं पडतं. नागपूरहून दीक्षा घेऊन आलो, त्या हिवाळ्यात आम्हांला सभेला जागा हवी होती. चावडीपुढे मिळाली नाही, शाळेच्या पटांगणात मिळाली नाही. तेव्हा किसनमामा म्हणाला, "नदीतली वाळू कोनाच्या सातबाऱ्यावर हाय? चाला तिकडं." आणि आम्ही गुडघाभर पाण्यातून निघालो — कोणाच्या डोक्यावर बाजाची पेटी, कोणाच्या खांद्यावर लेकरू. तो पहिला जलसा.

किसनमामा म्हणजे माझ्या आईचा भाऊ. वडील गेल्यावर त्यानेच आम्हांला घरात घेतलं, मला शिकवलं. तो डफडं वाजवायचा. पूर्वी गावच्या देवापुढे, पाटलाच्या वरातीपुढे वाजवायचा आणि मागच्या दाराशी उभा राहून उरलंसुरलं अन्न घ्यायचा. दीक्षेनंतर आम्ही सगळ्यांनी गावकीची कामं सोडली, तशी त्यानेही सोडली. पण डफडं मात्र तो बेटावर घेऊन आला. "लोकायसाठी लय वाजवलं," म्हणाला, "आता आपल्यासाठी वाजवतो."

तू ते ऐकायला हवं होतंस. दिवस कलायला लागला की तो कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीचा जाळ करायचा, त्यावर कातडं शेकायचा, बोटाने टिचकी मारून कानाशी धरायचा. मग एकदम घुमायचं. आवाज पाण्यावरून जायचा, दरडीवर आपटून परत यायचा, आणि बाया त्या परतलेल्या आवाजावर गाण्याची पुढची ओळ उचलायच्या. ते कोणी शिकवलं होतं? कोणीच नाही. नदीनेच शिकवलं असेल. पैलतीराच्या गावांतून माणसं यायला लागली, पुढे लांबलांबच्या गावांच्या बैलगाड्याही आल्या. मी आजही नदी दिसली की थांबतो. कशासाठी थांबतो, ते सोबतच्यांना सांगत नाही.

मग मी अमरावतीला कॉलेजात गेलो. चळवळीच्या पत्रकांवरच वाढलेला पोरगा मी — तिथे स्वतःची पत्रकं छापायला लागलो. एकात लिहिलं, डफडं ही गुलामीची खूण आहे, ती नदीत बुडवा. गावोगावी तेव्हा पोरं हेच म्हणत होती, कित्येकांनी बुडवलीही. तेव्हा तू म्हणशील, त्यात चूक काय? विचार म्हणून तो आजही मला साफ खोटा वाटत नाही. पण मी तुला विचार सांगायला बसलेलो नाही.

त्या वर्षीच्या जलशाआधी आमच्या मंडळाची बैठक झाली. मामा बैठकीला नव्हता. मी मुद्दा मांडला. तुळशीरामदादा आमचे अध्यक्ष. ते विडी विझवत म्हणाले, "वाजवू दे ना गा त्याले. किसनाचं डफडं आता पाटलाचं रायलं नाही, आपलं झालं." एकेक जण बोलला. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "किसना नाही वाजवन, तं आमी का तुयं पत्रक गावाव?" सगळे हसले. मीही हसलो. विषय तिथेच संपला.

संपला — आणि मी घरी जाऊन मामाला सांगितलं, मंडळाने ठराव केला, डफडं बंद.

का? गुलामीची खूण म्हणून? नाही. त्या वर्षी मी होस्टेलचे मित्र बोलावले होते, एक प्राध्यापक बोलावले होते. मामाबद्दल त्यांना सांगितलं होतं की ते शेती पाहतात. मला दिसत होतं — जाळापाशी उकिडवा बसलेला, घामाने भिजलेला माणूस, हातात डफडं, आणि सगळ्यांदेखत मला हाक मारणार, "या भाचेबुवा." मला त्याची लाज वाटत होती. ज्याच्या हातचं खाल्लं त्याची.

"तुळशीराम बी तसंच म्हने?" मामाने विचारलं. मी म्हटलं, तेही.

आणि दादांना सांगितलं की मामाने आपल्याच मनाने सोडलंय, त्याच्यापाशी कोणीच विषय काढू नका, बाकीच्यांनाही सांगा, जिवाला लागतं त्याच्या. दोन्हीकडची माणसं भली. एकमेकांना जपत गप्प राहिली. त्या भलेपणावरच माझं खोटं टिकलं.

जलशाच्या दिवशी मामा बेटावर आला नाही. काठावर पाहुण्यांचे बैल सांभाळत बसला. प्राध्यापकांना कार्यक्रम फार आवडला. पुढच्या वर्षी तबला आला, मग भोंगा आला, गर्दी वाढली. बाया गायच्या, पण दरडीवरून परत येणाऱ्या आवाजासाठी थांबायच्या नाहीत. इतिहासात मी एवढंच लिहिलं: काळाबरोबर वाद्ये बदलली.

मामा अकोल्याला गेला, सरकी काढायच्या एका जिनात कापसाचे बोजे उचलायला लागला. बरीच वर्षं मी त्याच्याकडे गेलो नाही. मग एकदा सभेसाठी अकोल्यात होतो, तेव्हा त्याच्या खोलीवर गेलो. तो खोकत होता. मामीने चहा ठेवला. माझी चौकशी, आईची चौकशी झाली. मग तो हळूच म्हणाला, "एक इचारू काय, भाचेबुवा? तो ठराव झाला तवा... माह्या बाजूनं कोनीच नाही बोललं? एक बी मानूस?"

एवढंच त्याला हवं होतं. डफडं नको होतं, माफी नको होती — एक नाव हवं होतं. माझ्यापाशी अख्ख्या बैठकीची नावं होती. एक सांगितलं असतं तरी दुसऱ्या दिवशी तो तुळशीरामदादांना भेटायला गावी आला असता. मग माझं खोटं उघडं पडलं असतं.

मी म्हणालो, "नाही मामा. कोणीच नाही."

"बरं," तो म्हणाला. मग मामीला म्हणाला, "पोराले जेवू घाल." मी जेवलो.

त्याच उन्हाळ्यात तो गेला — सगळे आपल्या विरोधात होते असं धरून. सगळे त्याच्या बाजूने होते. विरोधात होतो तो मी, एकटा.