अक्काचा नॉर्वेचा बेत

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही. तुमच्याजवळ बोलतो आहे, कारण तुम्ही अक्काला ओळखत नाही — आणि तिला जाऊन सांगणार नाही.

अक्का माझी थोरली बहीण. तिचे यजमान बोटीवर वायरलेसच्या कामाला होते. रजेवर पनवेलला आले की आमच्या ओटीवर बसून दूरच्या बंदरांच्या गोष्टी सांगत. नॉर्वेच्या उत्तरेला हिवाळ्यात रात्रीचं आकाश उजळतं, ते त्यांनी पाहिलं होतं. "कुणी हिरवं लुगडं आभाळात वाळत टाकावं आणि वारा सुटावा, तसं दिसतं," म्हणायचे. "एकदा तुला दाखवतो." भावजी विषमज्वराने गेले. अक्का आमच्याकडे राहायला आली. त्यानंतर तिने कधी काही मागितलं नाही — एकदा सोडून.

सत्तावन्न साली भावजींचे मित्र शलोमभाऊ आले. पनवेलचेच बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू; बोटीवर इंजिनियर. त्यांची मालवाहू बोट हिवाळ्यात नॉर्वेला जायची होती. बायको बरोबर येणार होती आणि तिला सोबत हवी होती. "नाना, बहीण पाठवता का? जशी नेतो तशी परत आणून देतो. हवी तर पावती घ्या!" सगळे हसले. अक्का हसली नाही. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "जाऊ?"

मी हो म्हटलं. खरंच म्हटलं. पासपोर्टाचे कागद मीच आणले. तिने भावजींचा स्वेटर उसवून आपल्या मापाचा विणायला घेतला. थंडीची सवय व्हावी म्हणून पहाटे विहिरीच्या गार पाण्याने आंघोळ करू लागली. शेजारच्या गोदूताई म्हणाल्या, "अहो, कोळणीच्या बर्फाच्या पेटीत बसा दोन दिवस, म्हणजे झालं!" अक्का म्हणाली, "तुम्हीही या, जागा करते."

एक दिवस तिने विचारलं, "ते नक्की दिसेल ना रे? नाहीतर तिथवर जाऊन ढग बघून यायचे."

इथे माझ्याविषयी थोडं सांगायला हवं. मी भातगिरणीत हिशेबनीस. आकडा तपासल्याशिवाय मी बोलत नाही, हे आळीला ठाऊक. ग्रहणाचे वेध केव्हा लागतात ते लोक पंचांग न उघडता मला विचारतात. मी वेळ सांगितली की चुली विझतात, पाण्यात तुळशीपत्र पडतं. अशा माणसाला तिने विचारलं. मी वाचनालयात जाऊन शोधलं. सूर्यावरचे डाग वाढले की तो प्रकाश वाढतो. दर अकरा वर्षांनी, अंदाजे, डाग भराला येतात. आणि तो हिवाळा ऐन भराचा होता. तिच्या जन्मात याहून चांगला येणं कठीण.

घरी येऊन मी तिला सांगितलं — यंदा डाग नाहीत. काही दिसायचं नाही. पाच-सहा वर्षं थांब.

का सांगितलं? विधवा बाई परक्यांबरोबर बोटीवर गेली तर लोक काय म्हणतील, म्हणून? बरीच वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. लोक बोलत होतेच. पण लोकांची भीती होती, तर पासपोर्टाचे कागद का आणले? नाही — ते कारण नव्हतं. भावजी त्या ओटीवर बोलायचे तेव्हा ऐकायला मीही बसलेलो असे. जायचं मलाही होतं. ती ते बघून येणार, ओटीवर बसून सांगणार, आणि मी भाताची पोती मोजून घरी येऊन ऐकणार — हे मला सोसवेना. बस, एवढंच. सख्ख्या बहिणीचा हेवा.

तिने वाद घातला नाही. वेध लागल्यावर जेवण बाजूला ठेवावं, तसा बेत बाजूला ठेवला. शलोमभाऊंनी खूप समजावलं, तर त्यांनाच म्हणाली, "नानाने बघितलंय. त्याचं चुकत नाही." त्यांची बायको एकटीच त्यांच्याबरोबर गेली. परत आल्यावर ती अक्काला भेटायला आली. मी गिरणीत होतो. त्यांच्यात काय बोलणं झालं, मी विचारलं नाही. अक्काने सांगितलं नाही. तिला तेव्हाच कळलं असेल का? मला माहीत नाही. पुढे ते कुटुंब इस्रायलला निघून गेलं.

मी सांगितलेली सहा वर्षं संपली तेव्हा डाग ओसरले होते, आणि आकाशात खरोखरच फारसं काही नव्हतं.

आता डाग पुन्हा वाढताहेत, वाचलं मी. अक्काला मोतीबिंदू आहे. संधिवाताने उंबरा ओलांडताना हात द्यावा लागतो. परवा तांदूळ निवडता निवडता तिने सहज विचारलं, "सूर्याचं काय म्हणतोयस रे, यंदा?"

मी म्हटलं, "अजून अवकाश आहे."

"बरं," म्हणाली, आणि सुपातले खडे बोटांनी चाचपत राहिली.