डिकीवरची वाकडी अक्षरं

विट्यात गाडीला रंग द्यायचा म्हटलं की माणसं आधी बिरदेवचं नाव सांगतात आणि त्याच दमात त्याच्याबद्दलच्या तक्रारीही सांगतात. बिरदेव फार वेळ लावतो. काम चालू असताना कुणाला तोंड उघडू देत नाही. त्याच्या शेडात गाडी लावली की ती आपली राहत नाही, त्याचं मन भरेल तेव्हाच परत मिळते. यातलं काहीच खोटं नाही. तरी जत्रेच्या आधी परमुलखात सोनं गाळायची दुकानं चालवणारे गलाईवाले आपापल्या मोठ्या गाड्या घेऊन गावी येतात, बोळातल्या भिंतींना त्या घासून घेतात आणि मग मुकाट्यानं बिरदेवच्याच दारात रांग लावतात. उभा जन्म सोन्यातला कस बघण्यात गेलेली माणसं ती, त्यांना काम कळतं.

बिरदेवचा सगळ्यात मोठा राग केसावर. ब्रशचा असो, माणसाचा असो, रंगात केस राहिला की त्याच्या लेखी काम वाया गेलं. अख्खा दरवाजा तो पुन्हा घासायला घेतो. सदऱ्याच्या खिशात एक बारीक चिमटा कायम असतो, आणि दुसऱ्या कुणी रंगवलेल्या गाडीत केस दिसला तर त्याचे हात शिवशिवतात. ज्याचा बाप, आजा, पणजा केसात आणि लोकरीतच जगले, त्या धनगराच्या घरातला हा पोरगा केसावर एवढा का चिडतो, असं लोक त्याला विचारतात. तो चिमटा खिशात सारतो आणि कामाला लागतो.

सात वर्षांपूर्वी फौजेतले हवालदार वीरधवल सुट्टीवर आले असताना त्यांची पांढरी, सेकंडहँड गाडी बिरदेवकडे आली होती. काम बंपरचं होतं, पण बिरदेवची नजर डिकीवर खिळली. तिथं लाल ऑइलपेंटनं ‘अपेक्षा’ असं लिहिलं होतं. ‘अ’ हा मोठा, त्याच्या पुढचं ‘पे’ घाट चढायला लागलेलं, आणि ‘क्षा’ला जागाच न उरल्यानं ते बिचारं कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं. त्याच्याखाली रंगाचा एक ओघळही आला होता. बिरदेवला ते बघवेना. हे पुसून टाकतो आणि सरळ अक्षरात फुकट लिहून देतो, असं तो म्हणाला. हवालदार मोठ्यानं हसले.

“ऱ्हाऊ दे गड्या. पोरीचं नाव हाय, बापानं लिवलंय.”

भर रस्त्यातून असली अक्षरं मिरवायला या माणसाला काहीच कसं वाटत नाही, याचं बिरदेवला पुढं आठवडाभर नवल वाटत राहिलं.

वीरधवल नंतर पेन्शनीवर आले. उसाला पाणी पाजताना एके दिवशी बांधावर बसले ते उठलेच नाहीत. गाडी त्यांची बायको विजयमाला चालवू लागली. गाव विट्यापासून सात-आठ किलोमीटरवर, एसटी आली तर आली. कॉलेजच्या पोरींना, दवाखान्याला निघालेल्या म्हाताऱ्यांना ती गाडीत घेऊन यायची. यंदाच्या एप्रिलमध्ये त्या पोरींच्या मागं मोटारसायकली लावणाऱ्या तिघांची तिनं पोलिसांत तक्रार केली. पोलिसांनी तिघांच्या बापांना बोलावून समज दिली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात आली तर गाडी काळ्या स्प्रेनं बरबटलेली होती. बॉनेटवर आणि दोन्ही दरवाज्यांवर बाईमाणसाला उद्देशून लिहिलेला एक शब्द होता, तो इथं लिहायची गरज नाही. डिकीवर शब्दही नव्हता. तिथं पोरांनी डबा रिकामा होईपर्यंत नुसता काळा रंग मारला होता, आणि नाव त्याच्याखाली गाडलं गेलं होतं.

दुसऱ्या कुणी गाडीवर ताडपत्री टाकली असती. विजयमालानं पोलिसांना फोटो काढू दिले, साडीचा पदर खोचला आणि त्या शब्दासकट गाडी भर बाजारातून विट्यात आणली. माणसं वळूनवळून बघत होती. बघू दे, लाज माझी न्हाई, असं ती नंतर बिरदेवला म्हणाली.

तोवर दुसरा दिवस उजाडला होता, कारण आधी ती दोन ठिकाणी जाऊन आली होती. दोघांनीही एकच सांगितलं: डिकी खरवडून नवा रंग मारू, नाव हवंच असेल तर स्टिकर लावू. बिरदेवनं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि बॉनेटचं, दरवाज्यांचं होऊन जाईल म्हणाला. डिकीजवळ मात्र त्यानं आधी काळ्या थराला नख लावून बघितलं.

“फोन आल्यापास्नं पत्रं कोन लिवतंय दादा,” विजयमाला म्हणाली. “त्यांच्या हातचं घरात दुसरं कायबी न्हाई. बँकेच्या कागदांवरच्या सह्या तेवढ्या. तुमी ते पुसून देतो म्हनला हुता, त्ये त्यांनी घरी येऊन हसत हसत सांगितलं हुतं मला.”

बिरदेवला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सात वर्षांपूर्वी आपल्याला जे पुसायचं होतं तेच आता वाचवायचं आहे, हे त्याला कुणी वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती. बघतो, एवढंच तो म्हणाला. पण मनात त्यानं ठरवून टाकलं होतं की ही अक्षरं परत आल्याशिवाय गाडी शेडाबाहेर काढायची नाही.

आधी त्यानं गाडी उन्हातून पत्र्याखाली घेतली. ऊन लागलं की रंग अंगाला घट्ट धरतो. बॉनेट आणि दरवाजे संध्याकाळच्या आत मोकळे झाले. तिथं कंपनीचा पक्का रंग होता, त्यावर एक दिवसाच्या स्प्रेचं काय चालणार? थिनरचा ओलसर बोळा हलक्या हातानं फिरवायचा, राहिलेले ठिपके मऊ मातीच्या गोळ्यानं उचलायचे, शेवटी पॉलिश. तो शब्द एकेका अक्षरानं गेला. शेवटचं अक्षर जाईपर्यंत विजयमाला समोर उभी होती.

मग डिकी. काळ्याखाली बोटाला लागलेल्या ओघळाच्या शेवटच्या टोकावर, अक्षरापासून लांब, बिरदेवनं थिनरचा बोळा टेकवून बघितला. बोळा आधी काळा झाला, आणि लगेच त्यात गुलाबी झाक आली. त्यानं हात चटका बसल्यासारखा मागं घेतला. थिनरला काळं काय नि लाल काय, दोन्ही सारखंच. कंपनीच्या रंगाचं संरक्षण हातानं लिहिलेल्या नावाला नव्हतं. असंच पुढं गेलो तर स्प्रेबरोबर नावही फडक्यात येणार, हे त्याला कळून चुकलं. त्या दिवशी त्यानं डिकीला पुन्हा हात लावला नाही.

सकाळी शेड उघडताना त्याला एकदम मेंढरं आठवली. तो दहा वर्षांचा असताना त्यांच्या कळपातली वीस मेंढरं दुसऱ्या एका कळपात सापडली होती. धनगर आपल्या मेंढराच्या पाठीवर खुणेचा रंग लावतात. यांची खूण तांबडी होती, आणि सापडलेल्या मेंढरांच्या पाठी निळ्या होत्या. ती मेंढरं आपलीच, हे बिरदेवच्या बापानं, आकारामनं, पंचांसमोर सिद्ध करून दाखवलं होतं. कसं, ते नीट आठवेना. एवढंच आठवत होतं की बाप तेलाची वाटी घेऊन एका मेंढीजवळ खूप वेळ बसला होता, आणि आपण कंटाळून झोपून गेलो होतो.

बापाला फोन करायचा म्हणजे बिरदेवच्या जिवावर यायचं. पोरगं मेंढरं सोडून पत्र्याच्या नादी लागलं, हे आकारामनं कधी गिळलं नव्हतं. पंधरा वर्षांत त्यानं या शेडात पाऊल टाकलं नव्हतं. त्या दिवसांत त्याचा कळप कोरेगावच्या बाजूला होता. उन्हाळ्यात तिकडचे शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात. फोन लागला. बिरदेवनं सगळं सांगितलं, नाव कुणाचं, लिहिलं कुणी, तेही सांगितलं. गाडीला आता मेंढराचं औषध लावणार का, असं विचारून म्हातारा आधी पोटभर हसला. मग त्याचा आवाज बदलला.

“वरचा रंग परवाचा. खालचा सात वर्सांचा. करडीचं त्याल कोमट कर अन् नव्याला पाज. जुना त्याल मागत न्हाई, नवाच पितो अन् फुगून सुटतो. पर घासू नगंस. नुस्तं बसायचं. तुला कवा बसता आलंय?”

शेवटचं वाक्य बिरदेवच्या वर्मी लागलं. तेल आणायला तो स्वतः घाण्यावर गेला, येताना घरातली थोडी लोकरही घेऊन आला.

जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडून, त्या कोमट तेलात भिजवून त्यानं ‘अ’च्या एका काठावर लावल्या. हाताच्या बोटाएवढीच जागा. मग डबा पालथा घालून तो डिकीसमोर बसला. विजयमालाही खुर्ची ओढून बसली. तास झाला. त्यानं पट्टी बदलली. दुसऱ्या तासानं पट्टी उचलून कोकराच्या पहिल्या कातरणीच्या मऊ लोकरीची चिमूट त्यानं काळ्यावर नुसती टेकवली आणि उचलली. लोकर काळी झाली. पुन्हा नवी चिमूट, पुन्हा काळी. सोळाव्या-सतराव्या चिमटीला काळ्याखालून लाल रेघ दिसली, मिरचीच्या सालीएवढी. तिथं त्यानं आणखी चार चिमट्या टेकवल्या. त्या कोऱ्या निघाल्या. लाल जागचं हललं नव्हतं.

विजयमाला खुर्चीवरून उठली आणि पुन्हा बसली. बिरदेवनं मान वर केली नाही. एवढ्या एका रेघेवर खूश होऊन हात घाईला आला तर सगळं मुसळ केरात जाईल, याची त्याला धास्ती होती.

त्या दिवशी ‘अ’ आला. दारात तीन गाड्या येऊन उभ्या राहिल्या. त्यातला एक गलाईवाला दुसऱ्या दिवशी चेन्नईला निघणार होता. तो तावातावानं बोलू लागला तेव्हा बिरदेवनं त्याला डिकीजवळ नेऊन नुसतं दाखवलं. गलाईवाला बराच वेळ वाकून बघत राहिला. मग जाताना म्हणाला की माझी पुढच्या खेपेला करा.

तिसऱ्या दिवशी ‘पे’ सुटायला लागलं, तसा बापाचा फोन आला. आपणहून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सुटतंय का, एवढंच विचारलं, आणि सुटतंय म्हटल्यावर ठेवून दिला. दुपारी ‘क्षा’पाशी मात्र लोकरीला लाल लागून आलं. त्यानं हात थांबवला, ती चिमूट उजेडात धरली, दोन बोटांत चोळली. नुसती भुकटी होती. सात वर्षं ऊन खाल्लेल्या रंगाची वरची भुकटी, घराच्या जुन्या दारावरून हात फिरवला की लागते ती. रंग खाली शाबूत होता. त्यानं ती चिमूट विजयमालालाही दाखवली, उगाच तिचा जीव टांगणीला नको म्हणून. नंतर पाणी पिऊन तो पुन्हा बसला.

उन्हं कलताना सगळं नाव उघडं झालं. बिरदेवनं साबणाच्या पाण्यानं तेल काढलं, पुसून कोरडं केलं. मोठा ‘अ’, घाट चढणारं ‘पे’, कोपऱ्यात अंग चोरलेलं ‘क्षा’. ओघळाचं टोक तेवढं थिनरनं फिकं पडलं होतं. ते माझ्या हातनं गेलं, असं बिरदेवनं स्वतःच सांगून टाकलं. विजयमाला म्हणाली, ओघळ त्यांनाबी नको हुता.

शेवटी सवयीनं तो तिरप्या उजेडात अक्षरांवरून बोट फिरवू लागला. ‘पे’च्या वळणात बोटाला काहीतरी टोचलं. वाकून बघितलं तर रंगात एक केस होता, नखाएवढा, वाकडा. हात आपोआप खिशात गेला, चिमटा निघाला आणि टोक केसापर्यंत पोहोचलंसुद्धा.

तिथंच तो थांबला. चिमटा त्यानं खिशात परत ठेवला आणि विजयमालाला हाक मारली.

“वैनी, हितं बोट लावा. हळू. केस हाय, ब्रशचा. त्यांच्या हातनं ऱ्हायलेला.”

तिनं बोट लावलं. तीन दिवस तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. बाजारातून त्या शब्दासकट गाडी आणतानाही नव्हता. आता ती डिकीला टेकून रडू लागली, बोट तिथंच ठेवून.

“देवळीला रंग द्यायला आनलेला ब्रश,” ती म्हणाली. “केस गळायचं त्याचं. म्या म्हनलं, नवा आना. तर म्हनले, एवढ्या एका नावाला कशाला.”

बिरदेवनं मेणाचा डबा उघडला आणि सगळ्या नावावर बोटानं मेण लावलं, केसावरूनही, आडवं न ओढता. विजयमाला त्याच बाजारातून गाडी घेऊन परत गेली. बिरदेव रस्त्यावर येऊन वळणापर्यंत बघत राहिला.

ती गाडी अजून विट्यात दिसते. बिरदेवच्या हाताखालून गेलेली आणि रंगात केस असलेली ती एकच गाडी. एखादा चावट गलाईवाला तो केस दाखवून त्याला चिडवतो, तेव्हा बिरदेव ऐकून घेतो आणि तो केस तिथंच राहणार, एवढंच सांगतो.