सुनीलकुमारची कॉम्प्युटरची खोली

आमच्या गावात पुण्याहून कुणी परत आला की लोक आधी विचारतात, काय भानगड करून आलास? सुनीलकुमार आला तेव्हाही तेच झालं. पुण्यात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, बरा पगार घेणारा पोरगा भालकी तालुक्यातल्या या आडगावी कशाला येईल? पण भानगड त्यानं केलेली नव्हती, आमच्या संस्थेचे अध्यक्ष अंकुशराव यांनी केलेली होती. गणपतीला गावी आलेल्या सुनीलला त्यांनी गाठलं आणि शब्द दिला, "शाळेत कॉम्प्युटरची खोली उभी करून दाखव, मास्तर म्हणून तुलाच घेतो." शब्द द्यायला अंकुशरावांचं काही जात नाही. घेणारा मात्र नोकरी सोडून आला.

मी त्या शाळेत मराठी शिकवतो. सीमेवरची मराठी शाळा म्हणजे सवतीचं पोर. बंगळूर म्हणतं मुंबईकडं मागा, मुंबई म्हणते बंगळूरकडं. त्यामुळे २००७ साली आमच्या वाट्याला जे कॉम्प्युटर आले, ते हैदराबादच्या कुठल्याशा कचेरीनं टाकून दिलेले होते. त्यातल्या एका मोठ्या मशीनमध्ये जरा जीव होता, बाकीच्यांच्या डिस्क मेलेल्या. सुनीलकुमारनं त्या बऱ्या मशीनला सगळ्यांच्या वायरी जोडल्या आणि त्या एकाच्या जिवावर बाकीची चालवली. ते पडलं की सगळी पडणार, हे त्यानं मला तेव्हाच सांगितलं होतं.

मशीन चालवायला त्यानं लिनक्स घातलं, ते फुकट मिळतं. तेसुद्धा सीडी टाकली की चालू होणारं तयार नव्हे. त्याचा मूळ कोड आणायचा आणि आपल्याच मशीनवर, आपल्या मशीनच्या मापानं बांधून घ्यायचा. याला तो कंपाइल करणं म्हणायचा. पडद्यावर इंग्रजी ओळी दिवसचे दिवस पळत राहायच्या आणि मध्येच लाईट गेली की ते काम पुन्हा पहिल्यापासून. एकदा मी वैतागलो, "अरे, तयार मिळतंय तर तेच घाल ना!"

"तयार मालात नको ते लई असतंय, गुरुजी. ह्या म्हाताऱ्यांना ते वझं झेपत न्हाई. लागंल तेवढंच बांधून घेतलं की पळत्यात बगा."

आणि खरंच पळायला लागली. भंगारात जायची मशीन, पण त्यांच्यावर आमची पोरं स्वतःचं नाव मराठीत टाइप करून हसत होती. त्या दिवशी मला त्याचा फार अभिमान वाटला.

इथं थांबायला हवं होतं. पण सुनीलकुमारला सुरळीत चाललेलं मशीन बघवत नसे. काही जोडाक्षरं पडद्यावर फुटायची, ते त्याच्या डोळ्यांत खुपत होतं. दसऱ्याला उद्घाटन ठरलं होतं. अंकुशराव पाहुणे आणणार होते आणि त्यांच्यासमोरच नेमणूक जाहीर करणार होते. मी म्हटलं, "बाबा रे, पाहुणे काय जोडाक्षरं बघायला येणार आहेत का? आहे ते राहू दे." त्यानं ऐकलं नाही. जोडाक्षरं नीट यावीत म्हणून सगळं लिनक्स ज्या पायावर उभं, तो पायाच त्यानं नवा बांधायला काढला. नवरात्रात आमच्याकडं लाईट जात नाही, म्हणून त्याला तेच दिवस सोयीचे वाटले.

खंडेनवमीला सकाळी वायर कमी पडली म्हणून तो भालकीला गेला. जाताना शिपाई तिप्पण्णाला बजावून गेला, मशीनला कुणी हात लावायचा नाही.

थोड्या वेळानं त्याची आई नागूबाई पूजेचं ताट घेऊन शाळेत आली. घर मूळचं मेंढरं राखणाऱ्यांचं. कोयता, कुऱ्हाड, लोकर कातरायची कातर, सगळं धुऊन, हळदकुंकू लावून त्या दिवशी मांडून ठेवायचं आणि कशालाही कामाला लावायचं नाही, ही तिथली रीत. गावातला ट्रॅक्टरसुद्धा त्या दिवशी जागचा हलत नाही. पोराचं हत्यार कॉम्प्युटर, म्हणून ती नवं लुगडं नेसून कॉम्प्युटर पुजायला आली होती. मी पोचलो तेव्हा प्रत्येक पडद्याला झेंडूची माळ होती, कापूर विझत आला होता आणि खोलीत कसलाही आवाज नव्हता.

"चालूच होती की समदी," नागूबाई मला कौतुकानं सांगायला लागली. "म्हणलं, तिप्पण्णा, आजच्या दिवशी तरी हत्याराला इसावा दे की रे बाबा."

सुनीलकुमार आला. माळा बघून दारातच उभा राहिला. तिप्पण्णा घाईघाईनं म्हणाला, "मशीनला हात लावलो न्हाई सर. भिंतीचं बटन तेवढं बंद केलो."

सुनीलनं बटन चालू केलं. मोठ्या मशीनच्या काळ्या पडद्यावर इंग्रजीची एक ओळ आली आणि तिथंच थांबली. बांधून झालेला नवा पाया जुन्याच्या जागी बसत असतानाच वीज गेली होती. अर्धा जुना, अर्धा नवा, आणि दोन्ही निकामी. पुन्हा बांधायला निदान आठवडा लागला असता. उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं.

"काय झालं रे?" नागूबाईनं विचारलं.

"काय न्हाई, आई. जुनं मशीन हाय. थकलंय."

दसऱ्याला त्यानं तयार सीडी टाकून मोठं मशीन कसंबसं उठवलं. ते रांगत होतं आणि मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन येत होते. बाकीचे पडदे काळेच. अंकुशराव पाहुण्यांकडं बघून हसले, "हे आमचे पुण्याचे इंजिनियर!" पाहुणेही हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण सुनील मान खाली घालून वायरी चाचपत राहिला. दिवाळीनंतर नवे कॉम्प्युटर आले आणि अंकुशरावांचा भाचा तानाजी मास्तर झाला. हे नवे कॉम्प्युटर कधी मागवले होते, ते विचारायची कुणाची छाती झाली नाही. पूजा झाली नसती तरी बहुतेक हेच झालं असतं, असं मी स्वतःशी म्हणतो. पण मशीन चारचौघांसमोर पडलं, त्यामुळे सुनीलला तेवढंही म्हणायची सोय राहिली नाही.

पुण्याची जागा भरलेली होती. हैदराबादला एका इमारतीत वॉचमनचं काम मिळालं. त्याला सोडायला मी फाट्यावर गेलो. नागूबाई आली होती आणि तिच्या तोंडाचा पट्टा चालू होता.

"अंकुशरावाच्या भाच्याला जमलं, तुलाच कामून जमलं न्हाई रे? हातची नोकरी घालवलास, अन् आता दुसऱ्याचं दार राखायला जायलास. मी पूजा केले, देवाला इतकं इनवले. देवानं दिलं हुतं, तुलाच घेता आलं न्हाई."

मला राहवलं नाही. "नागूबाई, अहो, त्या दिवशी ते बटन—"

"गुरुजी, बस आली," सुनील मध्येच बोलला आणि माझा हात घट्ट दाबला.

बस आली नव्हती. ती यायला बराच वेळ होता आणि तेवढा सगळा वेळ तो आईची बोलणी खात तिथं उभा राहिला.