साळूबाईंची विमानातली शिदोरी

साळूबाई पाथर्डी तालुक्यातल्या. गावच्या शाळेत बावीस वर्षं त्यांनी पोरांची खिचडी शिजवली. एका जूनमध्ये तेलाचा नवा डबा उघडला, तेव्हा त्यांना फवारणीच्या औषधाचा वास आला. हेडमास्तर म्हणाले, तापल्यावर जाईल वास. साळूबाईंनी ऐकलं नाही. त्या दिवशी पोरांनी नुसता मीठ-भात खाल्ला आणि साळूबाईंनी बोलणी खाल्ली. आठ दिवसांनी कळलं, टेम्पोत औषधाच्या बाटल्या फुटल्या होत्या आणि डबा त्यातच ठेवलेला होता. तेव्हापासून साळूबाईंचा दुसऱ्याच्या हातच्या अन्नावरचा विश्वास कायमचा उडाला. लग्नाला गेल्या की त्या आधी आचाऱ्यापाशी जाऊन उभ्या राहायच्या. बाहेरचा चहासुद्धा त्यांनी सोडला.

त्यांची मुलगी निकिता आयर्लंडमध्ये नर्स आहे. तिचे दिवस भरत आले आणि तिने आईला बोलावून घेतलं. मुंबईहून दोहा, तिथे विमान बदलायचं, मग डब्लिन. विमानात दोनदा जेवण देतात, हे तिने फोनवर तीनदा सांगितलं. ते कोण करतं आणि कधी करतं, असं साळूबाईंनी विचारलं. कुठल्याशा कंपनीतून येतं, एवढंच निकिता म्हणाली. मग साळूबाईंनी पुढचं ऐकूनच घेतलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी बाजरीचे धपाटे केले, चांगले कडक भाजून. शेंगदाणे भाजले, तिळाचे लाडू वळले, लसणाची कोरडी चटणी कुटली. दुधातुपाचं काही आणू नकोस, तिकडे चालत नाही, असं निकिताने बजावलं होतं. तेही साळूबाईंना खटकलं. दूध चालत नाही म्हणजे तिकडच्या गाईंना काही रोग असणार, अशी त्यांनी मनाशी खूणगाठ बांधली.

मुंबईच्या विमानतळावर त्यांची पिशवी तपासायला बाजूला काढली. अधिकाऱ्याने चटणीची पुडी उलटसुलट करून, वास घेऊन पाहिली आणि तिखटाची पूड आत नेता येत नाही म्हणाला. साळूबाईंना राग आला नाही. परक्याची पुडी हा माणूस वास घेऊन बघतो, म्हणजे कामाचा पक्का आहे. पण तो ती घरी नेणार नाही कशावरून? पुडी कचऱ्याच्या डब्यात पडेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत.

विमानात त्यांच्या शेजारी संस्कृती नावाची मुलगी बसली होती. लातूरची, शिकायला डब्लिनलाच निघालेली. दारं लागली, पण विमान काही हलेना. काहीतरी बिघाड होता. एक तास गेला, दोन गेले. जमिनीवर असताना जेवण मिळणार नव्हतं, फक्त पाणी फिरत होतं. निघायच्या गडबडीत पोरीने आदल्या दुपारपासून काही खाल्लेलं नव्हतं. तिचे ओठ पांढरे पडले.

साळूबाईंनी धपाट्यांचं फडकं सोडलं आणि तिच्यापुढे धरलं.

"नको आजी," ती म्हणाली. जरा घुटमळून खरं ते सांगितलं, "आईने शपथ घातलीय. प्रवासात अनोळखी माणसाकडून काही घ्यायचं नाही."

दुसरं कुणी असतं तर दुखावलं असतं. साळूबाईंना पोर एकदम आवडली.

"बरोबर हाय तुझ्या आईचं," त्या म्हणाल्या. "कुनाचा काय भरवसा? माझा तरी काय? थांब."

त्यांनी एक धपाटा मधोमध मोडला आणि दोन्ही तुकडे तिच्यापुढे केले.

"यातला तुला वाटंल तो दे मला. मी आधी खाते. तू बघ, आन् मग ठरव."

संस्कृतीने डावीकडचा तुकडा दिला. साळूबाईंनी तो तिच्या देखत सावकाश चावून संपवला. पोरीने खरंच थोडा वेळ वाट पाहिली, आणि तेही साळूबाईंना पटलं. मग तिने उरलेला तुकडा खाल्ला, त्यानंतर दोन अख्खे धपाटे आणि एक लाडू. खाता खाता तिला रडू आलं. साळूबाईंनी पाण्याच्या बाटलीचं सील शाबूत आहे ना ते पाहून बाटली तिच्या हातात दिली.

उशीर झाल्यामुळे दोह्याला पुढचं विमान चुकलं. आठ तास बसावं लागलं. संस्कृतीने खिडक्या-खिडक्यांवर विचारून दोघींचं नवं तिकीट करून आणलं. ते तिकीट खरं आहे का, हे साळूबाईंनी तिला दुसऱ्या खिडकीवरही विचारायला लावलं. संध्याकाळी संस्कृती चहाचे दोन कागदी पेले घेऊन आली. साळूबाईंनी वास घेतला.

"कुनी केला?"

"एका बाईने. मी समोरच उभी होते. दूध तिने नवीन पुडा फोडून घातलं."

साळूबाईंनी पेला बराच वेळ हातात धरला. पोर समोरच उभी राहिली म्हणते, आणि खोटं बोलणारी वाटत नाही. त्यांनी एक घोट घेतला आणि मग सगळा चहा प्यायला.

डब्लिनला निकिता न्यायला आली होती. वाटेत तिने विचारलं, विमानात जेवलीस ना? साळूबाईंनी सांगितलं की ताट आलं होतं, झाकण उघडून पाहिलं आणि परत दिलं.

"आन् चहा प्याले दोह्याला," त्या म्हणाल्या. "लई पानचट हुता."